मिलवॉकीचा महोत्सव पंधरा दिवसांचा, पडदा बारा महिन्यांचा

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स या स्वतंत्र चित्रपटांच्या महोत्सवाने आपलं बिऱ्हाड हलवायचं जाहीर केलं. युटा राज्यातल्या पार्क सिटी या स्कीइंगच्या गावात १९८१ पासून भरणारा हा महोत्सव २०२७ पासून कोलोरॅडोतल्या बोल्डरला भरणार. अंतिम फेरीत तीन दावेदार होते. बोल्डर, ओहायोतलं सिनसिनाटी आणि सॉल्ट लेक सिटी-पार्क सिटी ही जोडी. कोलोरॅडो सरकारने दहा वर्षांत मिळून ३ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत करसवलत देण्याची तयारी दाखवली. वर्षातून एकदा, जानेवारीत भरणाऱ्या दहा-अकरा दिवसांच्या जत्रेसाठी!

अशा बातम्या वाचून वाटतं की नावाजलेला महोत्सव आणला की शहर सिनेमाचं झालं. मला हे पटत नाही. महोत्सवामुळे हॉटेलं भरतात, टॅक्सीवाले खूश होतात, शहराचं नाव वर्तमानपत्रात येतं, हे सगळं खरं. पण मंगळवारी संध्याकाळी एखादा इराणी चित्रपट पाहायला त्या शहरात जागा आहे का, तो लावणारी माणसं आहेत का, आणि त्यांचा पगार कुठून येतो, हे वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं शोधायला सनडान्सपेक्षा मिलवॉकी हे अमेरिकेतलं मध्यम शहर बरं.

आधी ‘स्वतंत्र चित्रपट’ म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. १९४८ पर्यंत हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंची स्वतःची थिएटरं होती. चित्रपट त्यांचे, पडदेही त्यांचे. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टुडिओंच्या विरोधात निकाल दिला आणि त्यांना थिएटरं विकायला लागली. बाहेरच्या निर्मात्यांना पडदा मिळण्याची वाट तिथून थोडी रुंद झाली. मोठ्या स्टुडिओचा पैसा न घेता काढलेला चित्रपट तो स्वतंत्र, अशी ढोबळ व्याख्या आज वापरतात. ती पुरेशी काटेकोर नाही. पाच हजार डॉलरमध्ये मित्रांना घेऊन काढलेला लघुपट स्वतंत्र आणि नामवंत नटांना घेऊन काढलेला दोन कोटी डॉलरचा चित्रपटही स्वतंत्रच. दोघांत एक गोष्ट मात्र समान असते. चित्रपट पुरा होतो तेव्हा तो कुठे लागणार हे ठरलेलं नसतं. त्यामुळेच महोत्सवांना एवढं महत्त्व आलं.

महोत्सवांच्याही दोन जाती आहेत. पहिली बाजाराची. सनडान्सला किंवा ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्टला वितरक, एजंट, समीक्षक जमतात. निर्माता तिथे चित्रपट विकायला येतो. २०२४ साली सनडान्सकडे १७,४३५ प्रवेशिका आल्या होत्या, त्यात पूर्ण लांबीचे चित्रपट ४,४१० होते. निवडले गेले नव्वदच्या आसपास. दुसरी जात प्रेक्षकांच्या महोत्सवांची. तिथे कोणी चित्रपट विकत घ्यायला येत नाही. गावातले लोक तिकीट काढून बघायला येतात. अमेरिकेतल्या मध्यम शहरांतले बहुतेक महोत्सव या दुसऱ्या जातीचे आहेत, आणि त्यांच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही, कारण तिथे कोट्यवधींचा सौदा रात्री दोन वाजता होत नाही.

मिलवॉकी हे विस्कॉन्सिन राज्यातलं, लेक मिशिगनच्या काठावरचं शहर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख ७७ हजार. जर्मन स्थलांतरितांनी इथे बिअरचे कारखाने काढले, हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकली इथल्याच. स्थानिक मातीच्या फिकट पिवळ्या विटांमुळे शहराला ‘क्रीम सिटी’ हे टोपणनाव पडलं. दक्षिणेला दीड तासावर शिकागो आहे, आणि हीच सिनेमाच्या दृष्टीने मोठी अडचण. शेजारी महानगर असलं की वितरक म्हणतो, ज्यांना बघायचंय ते तिकडे जातील. अशा शहरात वेगळा चित्रपट आपोआप येत नाही, कुणीतरी तो आणावा लागतो.

आणणाऱ्यांना इथे एक इमारत मिळाली. ओरिएंटल थिएटर. जुलै १९२७ मध्ये उघडलेलं, दोन हजारांच्या आसपास खुर्च्यांचं. मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत अमेरिकेत सिनेमागृहं राजवाड्यासारखी बांधायची टूम होती. कुणी इजिप्त उभारलं, कुणी स्पेन. मिलवॉकीकरांनी ‘पूर्व’ उभारली. दर्शनी भागावर मिनार, आत काळे सिंह, जिथे तिथे हत्तींच्या आकृत्या आणि प्रेक्षागृहाच्या भिंतींशी हिरव्या डोळ्यांचे प्रचंड बुद्ध. ते डोळे दिव्याने चमकतात. या सजावटीला ‘भारतीय’ म्हणतात. आपल्याकडच्या कुठल्याही मंदिरात, मशिदीत किंवा लेण्यात हे सगळं एकत्र सापडणार नाही. १९२० च्या दशकातल्या अमेरिकन माणसाने मनात रंगवलेला हा पूर्वेकडचा देश आहे, आणि खरं सांगायचं तर तो बघायला मजा येते.

युद्धानंतर लोक उपनगरांत राहायला गेले, घरोघरी टीव्ही आला, मॉलशेजारी मल्टिप्लेक्स आली. देशभर असे सिनेमहाल पाडून गाड्यांचे तळ झाले. ओरिएंटल वाचलं त्याचं एक कारण १९७६ मध्ये ते चालवायला घेतलेली लँडमार्क ही कंपनी. रोज नवे खेळ, एका तिकिटात दोन चित्रपट, आणि महिन्याभराचं छापील वेळापत्रक, जे लोक घरी फ्रिजवर लावून ठेवत. आज बर्गमन, उद्या हिचकॉक, परवा एखादा संगीतपट. नव्या चित्रपटांचे हक्क महाग, जुन्यांचे स्वस्त, हे त्यामागचं गणित होतं. व्हिडिओ कॅसेट आल्या आणि गणित कोसळलं. १९८८ मध्ये बाल्कनीखालच्या जागेत दोन छोटी सभागृहं काढली. वास्तूच्या चाहत्यांना हळहळ वाटली असेल, पण त्यामुळेच थिएटर टिकलं असं मला वाटतं. ज्याला साठ प्रेक्षक येणार तो चित्रपट हजार खुर्च्यांसमोर लावणं परवडत नाही. छोटा पडदा हाताशी असला की तोच चित्रपट दोन आठवडे चालवता येतो.

या थिएटरशी जोडलेल्या दोन गोष्टी शहरात सगळ्यांना ठाऊक असतात. जानेवारी १९७८ पासून इथे ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’चे मध्यरात्रीचे खेळ होत आले आहेत. प्रेक्षक वेश करून येतात, संवाद पडद्याच्या आधी म्हणतात. आणि ऑगस्ट १९८१ मध्ये व्हायलंट फेम्स हा स्थानिक बँड थिएटरबाहेर फुटपाथवर वाजवत होता, तेव्हा त्या रात्री आत कार्यक्रम करणाऱ्या प्रिटेंडर्स या बँडने त्यांना ऐकलं आणि थेट मंचावर बोलावलं. मध्यम शहरात असं घडतं, कारण सगळे त्याच एका दारासमोर जमतात.

चित्रपट बनवणारेही होते. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेत चित्रपटाचा विभाग आहे, प्रायोगिक कामासाठी ओळखला जातो. शहराबाहेरच्या उपनगरात राहणारा मार्क बोरशार्ट नावाचा तरुण कर्ज काढून, वृद्ध काकांकडून पैसे उसने घेऊन एक भयपट पुरा करायच्या मागे लागला होता. त्याची ती धडपड ख्रिस स्मिथ आणि सारा प्राइस यांनी चित्रित केली. ‘अमेरिकन मूव्ही’ या त्यांच्या माहितीपटाला १९९९ मध्ये सनडान्सला माहितीपटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. हौस, खर्च आणि नातेवाईक या त्रिकोणाचं इतकं खरं चित्र क्वचितच बघायला मिळतं. थोडक्यात, बनवणारे होते आणि बघणारेही. दोघांची गाठ घालणारी, वर्षानुवर्षं टिकणारी संस्था तेवढी नव्हती.

२००३ पासून शहरात एक आंतरराष्ट्रीय महोत्सव भरत होता, तो काही वर्षांत थांबला. २००९ मध्ये मिलवॉकी फिल्म ही नवी संस्था उभी राहिली आणि तिने स्वतःचा महोत्सव सुरू केला. पुढे तो पंधरा दिवसांचा झाला. कोविडपूर्वी तो पानगळीत भरायचा, आता एप्रिलच्या सुमारास भरतो.

ही संस्था ना-नफा तत्त्वावर चालते. अमेरिकेच्या कायद्यात याचा अर्थ असा की उरलेला पैसा मालकाला वाटता येत नाही, कारण मालकच नसतो. विश्वस्त मंडळ असतं. देणगी देणाऱ्याला प्राप्तिकरात वजावट मिळू शकते. पैसा येतो तो चार वाटांनी. तिकिटं, वार्षिक सभासदत्व, प्रायोजक कंपन्या आणि देणगीदार-प्रतिष्ठानं. तिकिटांच्या पैशातून अशा संस्थांचा खर्च क्वचितच भागतो. आपल्याकडच्या जुन्या नगर वाचनालयाची वसंत व्याख्यानमाला आठवा. बाहेरच्यांना फक्त व्याख्यानमाला दिसते, पण वाचनालय चालतं ते सभासदांच्या वर्गणीवर, दात्यांच्या नावाच्या पाट्यांवर आणि स्वतःच्या इमारतीवर. मिलवॉकी फिल्मचंही तसंच आहे.

पण २०१८ पर्यंत तिच्याकडे इमारत नव्हती. महोत्सवाचे पंधरा दिवस लँडमार्ककडून ओरिएंटल भाड्याने घ्यायचं आणि सोळाव्या दिवशी किल्ली परत करायची. वर्षभर पगारावर असलेल्या माणसांनी उरलेले साडेअकरा महिने पुढच्या पंधरा दिवसांची तयारी करायची. सभासदाला तरी वर्षभर काय मिळणार? १ जुलै २०१८ पासून संस्थेने ओरिएंटल थिएटर ३१ वर्षांच्या भाडेकराराने चालवायला घेतलं. माझ्या मते या शहराच्या चित्रपटसंस्कृतीतली सर्वांत मोठी घटना ही आहे, आणि ती एका कराराच्या कागदावर घडली. वर्षभर पडदा हातात आला की सभासदाला दर आठवड्याला सवलत देता येते, पॉपकॉर्न आणि बिअरचा नफा संस्थेकडे राहतो, महोत्सवात गाजलेला चित्रपट पुढे आठवडाभर लावता येतो, शाळेच्या मुलांना सकाळी बोलावता येतं. पॉपकॉर्नचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. नव्या चित्रपटाच्या पहिल्या आठवड्यांत तिकिटाच्या पैशातला निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा वितरकाकडे जातो. थिएटर जगतं ते काउंटरवरच्या विक्रीवर.

किल्ली हातात आल्यावर दुरुस्तीला सुरुवात झाली, आणि पहिल्याच टप्प्यात नवी स्वच्छतागृहं बांधली. नव्वद वर्षांच्या थिएटरमध्ये मध्यंतराविना दोन तासांचा चित्रपट संपतो तेव्हा बायकांची रांग कुठवर जाते याची कल्पना कुणालाही करता येईल. कलेच्या चर्चेत अशा खर्चाचं नाव निघत नाही. निधी गोळा करणाऱ्याला मात्र त्यासाठीच देणगीदाराचं दार ठोठवावं लागतं.

महोत्सवापुरत्या भाड्याच्या पडद्यावर विसंबलं की काय होतं ते क्लीव्हलँडमध्ये दिसलं. तिथला आंतरराष्ट्रीय महोत्सव १९७७ पासूनचा, आणि कोविडपूर्वी त्याच्या प्रेक्षकांचा आकडा एक लाखाच्या वर गेला होता. पावणेचार लाखांच्या शहरात! १९९१ पासून तो शहराच्या मध्यवर्ती मॉलमधल्या मल्टिप्लेक्सात भरायचा. मॉलचे बेत बदलले आणि एवढ्या मोठ्या महोत्सवाला नवी जागा शोधायला लागली. शेवटी तो प्लेहाउस स्क्वेअरच्या जुन्या नाट्यगृहांत गेला. ती नाट्यगृहंही एक ना-नफा संस्थाच चालवते.

आता चित्रपट निवडतात कसे ते बघू. दोन दारं असतात. एक, खुल्या प्रवेशिका. निर्माता संकेतस्थळावर चित्रपट चढवतो, शुल्क भरतो. स्वयंसेवकांची फळी ते चित्रपट बघून शेरे लिहिते, त्यांतले मोजके पुढे पगारी निवडकाकडे, म्हणजे चित्रपट निवडणाऱ्या माणसाकडे जातात. दुसरं दार आमंत्रणाचं. निवडक सनडान्स, टोरांटो, बर्लिनला जाऊन किंवा त्यांच्या याद्या चाळून वितरकाला पत्र लिहितो. पूर्ण लांबीचे बरेचसे चित्रपट या दुसऱ्या दाराने येतात, त्यासाठी खेळामागे काहीशे डॉलरचं मानधन द्यावं लागतं. मोठ्या महोत्सवांचा आग्रह असतो की चित्रपट आधी कुठेही दाखवलेला नसावा. मिलवॉकीसारख्या ठिकाणी प्रेक्षकाला याचं काही सोयरसुतक नसतं, त्याच्यासाठी तो नवाच असतो. त्यामुळे निवडकाला मोकळेपणा मिळतो. सगळ्यांत नवा चित्रपट मिळवण्याच्या शर्यतीतून सुटल्यावर तो सगळ्यांत चांगला शोधू शकतो.

त्या मोकळेपणाचं काय करायचं, हा खरा कस. मिलवॉकी हा अमेरिकेतल्या सर्वांत विभागलेल्या शहरी भागांपैकी एक. काळ्या आणि गोऱ्या वस्त्या नकाशावर रेघ ओढल्यासारख्या वेगळ्या. कलात्मक चित्रपट दाखवणारी थिएटरं साधारणपणे सुशिक्षित, गोऱ्या वस्तीत असतात, ओरिएंटलही पूर्वेकडच्या तशाच भागात आहे. महोत्सवाने २०१४ मध्ये ‘ब्लॅक लेन्स’ हा कृष्णवर्णीय दिग्दर्शकांच्या चित्रपटांचा विभाग सुरू केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शहराच्या मध्यवर्ती उद्यानात डॉन्ट्रे हॅमिल्टन या तरुणाला एका पोलिसाने १४ गोळ्या घालून मारलं. त्याच्या कुटुंबाच्या लढ्यावर एरिक ल्युंग या स्थानिक दिग्दर्शकाने ‘द ब्लड इज अ‍ॅट द डोअरस्टेप’ हा माहितीपट केला. २०१७ मध्ये ऑस्टिनला पहिला खेळ झाला, मग तो घरी आला. ऑस्टिनच्या प्रेक्षकासाठी तो एक विषय होता. मिलवॉकीच्या सभागृहात बसलेल्या माणसाच्या जेवणाच्या सुट्टीतल्या वाटेवर ते उद्यान होतं. प्रेक्षकांचे महोत्सव कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देईन.

स्थानिकांसाठी ‘क्रीम सिटी सिनेमा’ हा वेगळा विभागही आहे, आणि ब्रायको फॉरवर्ड फंड नावाच्या निधीतून इथल्या दिग्दर्शकांना रोख रक्कम आणि उपकरणांची मदत मिळते. राज्य सरकारचं धोरण मात्र लहरी. चित्रीकरणासाठीची करसवलत विस्कॉन्सिनने २००८ मध्ये सुरू केली, काही वर्षांत गुंडाळली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात वर्षाला ५० लाख डॉलरची नवी सवलत आणली. अशा सवलतींनी बाहेरचे चित्रपट चित्रीकरणाला येतात, काम मिळतं, ते चांगलंच. पण गावात शूटिंग होणं आणि गावात चांगला सिनेमा बघायला मिळणं यांचा एकमेकांशी संबंध फार थोडा.

मराठी वाचकाला इथे सरकारची गैरहजेरी खटकेल. गोव्यातला इफ्फी केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाचा, पुण्याच्या पिफला राज्य सरकारची साथ, मराठी चित्रपटाला शासकीय अनुदान. आपल्याकडे महोत्सव म्हटलं की मंत्री दीपप्रज्वलनाला आलेच. मिलवॉकीत ती जागा स्थानिक धनिक, बँका आणि प्रतिष्ठानं घेतात. मंत्र्याचं भाषण वाचतं, पण दात्याची मर्जी सांभाळावी लागते, आणि एखाद्या मोठ्या घराण्याने हात आखडता घेतला की नोकऱ्या जातात. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कलानिधीतून थोडाफार पैसा येतो, पण मे २०२५ मध्ये देशभरच्या अनेक संस्थांना मंजूर झालेली अनुदानं रद्द झाल्याचे ईमेल आले. दोन्ही पद्धतींत कुणाच्या तरी दाराशी उभं राहावं लागतंच. फक्त दारं वेगळी.

लँडमार्कने सप्टेंबर २०२३ मध्ये मिलवॉकीतलं १९१५ चं डाउनर थिएटर बंद केलं. दोन पडद्यांचं, शहरातलं सर्वांत जुनं चालू सिनेमागृह. एप्रिल २०२४ मध्ये महोत्सवाच्या तोंडावर ते पुन्हा उघडलं ते मिलवॉकी फिल्मच्या ताब्यात. हे धाडस आहे. प्रेक्षक कोविडपूर्व संख्येला परतलेले नसताना पडदे वाढवणं कुणी शहाणपणाचं म्हणेल, कुणी वेडेपणाचं. मला ते बरोबर वाटतं, कारण एकदा तिथे जिम किंवा औषधांचं दुकान आलं की थिएटर परत येत नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना यात एक कामाची गोष्ट आहे. तिथे मराठी चित्रपट बहुधा महाराष्ट्र मंडळं लावतात. शनिवार-रविवारी मल्टिप्लेक्सचा एक पडदा भाड्याने घ्यायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर तिकिटं खपवायची, तूट आली तर कार्यकारिणीने सोसायची. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत ‘नाफा’ (नॉर्थ अमेरिकन फिल्म असोसिएशन) या संस्थेने मराठी चित्रपट महोत्सवही भरवला. या खेळांना येणारे जवळजवळ सगळे मराठीच असतात. शहरात ना-नफा थिएटर असेल तर दुसरा रस्ता आहे. निवडकाला महोत्सवाच्या सात-आठ महिने आधी लिहायचं, इंग्रजी उपशीर्षकांची प्रत पाठवायची, आणि मंडळाचे दोनशे लोक येतील हे आधीच सांगायचं. सभागृह अर्धं भरण्याची हमी मिळाली की अनोळखी भाषेतला चित्रपट घेण्याचं धाडस निवडकाला सोपं जातं, आणि उरलेल्या खुर्च्यांवर असे लोक येऊन बसतात ज्यांनी मराठी हे नाव पहिल्यांदाच कार्यक्रमपत्रिकेत वाचलेलं असतं.